ट्रॉलीचा टायर वाचून घ्या

पळस्पे फाट्यावर घटकाभर उभे राहा. नुसती चाकेच चाके दिसतात. एक रस्ता पुण्याकडे जातो. एक रस्ता कर्नाळ्यावरून पेणला आणि पुढे गोव्याला जातो. तिसरा रस्ता न्हावा-शेवाच्या बंदराकडे जातो. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून लोखंडी पेट्या वाहणारे लांबलचक ट्रेलर रात्रंदिवस इथून धावतात. त्यांच्याच गर्दीतून आपल्या गावचा ट्रॅक्टर आपली ट्रॉली ओढत जातो.

त्या मोठ्या ट्रेलरला चाके किती असतात, ते कधी मोजलेत का? मोजून बघा. मागच्या बाजूलाच आठ किंवा बारा टायर असतात. त्यातला एक फुटला तर शेजारचा टायर भार धरतो. आपल्या ट्रॉलीला बहुधा दोनच चाके असतात. फार तर चार. त्यातला एक टायर गेला की ट्रॉली कलंडलीच. म्हणून टायरची काळजी आपण त्या ट्रेलरवाल्यापेक्षा जास्त घ्यायला हवी. घेतो मात्र कमी. हे आम्ही दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरी काय झाले, ते आधी सांगतो.

२०१९ सालचा मे महिना. घरात लग्न होते. पुतण्याची ट्रॉली मांडवाचे बांबू, पाण्याची पिंपे आणि भाड्याची भांडी घेऊन गोव्याच्या रस्त्याने निघाली. सामानावर चौदा माणसे बसली. बायका होत्या, पोरे होती. निघण्यापूर्वी शेजारच्या काकींनी विचारले, "गुरुजी, चाकं बरी हायत ना?" आम्ही टायरवर दोनदा थाप मारली. नक्षी बोटभर खोल होती. आम्ही म्हणालो, "नवी करकरीत आहेत, बसा."

कर्नाळ्याच्या अलीकडे डाव्या बाजूचा टायर फुटला. तोफेसारखा आवाज झाला. ट्रॉली डावीकडे कलंडली. पिंपे रस्त्यावर गडगडली. मागून एक ट्रेलर येत होता. त्याच्या ड्रायव्हरने कसाबसा ब्रेक लावला. आमच्या माणसांपासून तो दोन हातांवर थांबला. काकींचा हात दोन ठिकाणी मोडला. एका पोराच्या कपाळाला टाके पडले. जीव कुणाचा गेला नाही. पण तो दोन हातांचा फरक आठवला की आजही आमच्या पोटात गोळा येतो.

फाटलेला टायर आम्ही एका पंक्चरवाल्याला दाखवला. त्याने टायर उलटा केला, कपड्याने पुसला आणि कडेवरच्या एका जागी बोट ठेवले. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. टायरवर लिहिलंय ते वाचलंत का?"

आम्ही खाली वाकून पाहिले. चार आकडे होते. ३, १, ०, ८.

"हा टायर २००८ सालचा आहे," तो म्हणाला. "अकरा वर्षांचा म्हातारा. वरून काळा रंग फासलाय, म्हणून तुम्हाला नवा वाटला."

चाळीस वर्षे आम्ही पोरांना वाचायला शिकवले, आणि टायर मात्र थापा मारून तपासला. त्या दिवसापासून आम्ही टायर वाचायला लागलो. तुम्हीही आता अक्षरओळख करून घेतली आहे. टायरवरचे आकडे इंग्रजी असतात. पण ते तुम्हाला परके नाहीत. फोनवर, एसटीच्या पाटीवर आणि नोटेवर तेच आकडे असतात. त्या दहा आकड्यांच्या जोरावर टायर वाचता येतो.

पहिल्यांदा ते चार आकडे शोधा. टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत ते असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. वर्षात बावन्न आठवडे असतात. आमच्या टायरवर ३१०८ होते. म्हणजे २००८ सालचा एकतिसावा आठवडा. जुलै संपता संपता तो टायर कारखान्यातून बाहेर पडला. २२२४ दिसले तर तो २०२४ सालचा, बाविसाव्या आठवड्यातला टायर. पुष्कळ टायरांवर हे आकडे एकाच अंगाला असतात. दुकानदार टायर उभा करून दाखवतो, तेव्हा ते अंग नेमके भिंतीकडे असते. मुद्दाम असते असे आम्ही म्हणत नाही. पण टायर फिरवून दाखवायला सांगा. लाजू नका.

आता कोणी विचारील, नक्षी शाबूत असताना वयाचे एवढे काय? मोटारीचा टायर रोज धावतो. तो झिजून मरतो. म्हणून मोटारवाला नक्षी बघतो आणि ते बरोबरच आहे. ट्रॉलीची गोष्ट वेगळी. ट्रॉली चार महिने चालते आणि आठ महिने खळ्यावर उभी असते. तिची नक्षी झिजतच नाही. पण ऊन लागते. वारा लागतो. हवेतला ओझोन नावाचा वायू रबराला हळूहळू खातो. रबराचा मऊपणा जातो. कडेला बारीक चिरा पडतात, जशा उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशा. आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात. चिरांतून पाणी त्यांच्यापर्यंत पोचते आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. वरून पाहावे तर टायर नवा, आतून पाहावे तर पोकळ. ट्रॉलीचा टायर झिजून मरत नाही. तो उभ्याउभ्या म्हातारा होऊन मरतो.

टायर करणाऱ्या काही कंपन्या सांगतात की पाच वर्षे झाली की दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षे झाली की नक्षी कितीही राहिली असली तरी काढून टाकावा. आमचे मत विचाराल तर कोकणच्या उन्हापावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीला दहा वर्षे फार झाली. सात वर्षांवर आम्ही विश्वास ठेवत नाही.

दुसरे वाचायचे ते भाराचे आकडे. यासाठी थोडे मागे जाऊ.

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. लोहार धाव तापवी. तापली की ती पसरे. मग ती चाकावर चढवून वर पाणी ओतीत. निवताना ती आवळून चाकाला घट्ट बसे. भार सगळा लाकडावर आणि लोखंडावर पडे. रबरी टायरचे तसे नाही. १८८८ साली आयर्लंडातल्या बेलफास्ट गावी डनलॉप नावाचे एक गृहस्थ होते. ते गुराढोरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसत, म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरली, तिच्यावर कापड गुंडाळले आणि ती चाकाला बसवली. त्यांचे नाव पुढे कारखान्याला लागले आणि टायरच्या बैलगाडीलाही चिकटले. आजही कोणी तिला टायरगाडी म्हणतो, कोणी डनलॉप म्हणतो. या युक्तीतली मेख अशी की भार रबर उचलत नाही. भार आतली हवा उचलते. रबर आणि दोऱ्याचे थर त्या हवेला कोंडून धरतात, एवढेच त्यांचे काम.

म्हणून टायर किती भार घेईल, हे दोन गोष्टींवर ठरते. थर किती मजबूत, आणि हवा किती. दोन्ही टायरवर लिहिलेले असते. ९.००-१६ असे काही दिसेल. तो आकार झाला. टायरची रुंदी सुमारे नऊ इंच आणि आतली डिस्क सोळा इंचांची. त्याच्या जवळपास एक आकडा आणि पुढे इंग्रजीतले पी आणि आर दिसतील. हा थरांच्या मजबुतीचा आकडा. पूर्वी सुती दोऱ्याचे तितके थर मोजून घालत. आता नायलॉन जास्त बळकट आहे, म्हणून थर कमी असतात. पण मजबुती त्या जुन्या हिशेबानेच सांगतात. एकाच आकाराचा टायर कमी आकड्याचाही मिळतो आणि जास्त आकड्याचाही. कमी आकड्याचा स्वस्त असतो. दुकानात दोघे शेजारी ठेवले तर दिसायला भाऊभाऊ. वीट, वाळू, खडी वाहायची असेल तर स्वस्त भावाला हात लावू नका.

बहुतेक टायरांवर एक आकडा किलोमध्ये असतो. एका टायरने जास्तीत जास्त किती भार घ्यावा, तो हा आकडा. आता हिशेब करू. समजा टायरवर १५०० किलो लिहिले आहे. ट्रॉलीला चाके दोन. दोन्ही मिळून ३००० किलो. यात ट्रॉलीचे स्वतःचे वजनही आले. ते हजार किलो धरा. थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर जातो, तो खरा. तरी माल दोन-सव्वादोन टनांवर जाऊ नये. आणि आपण भरतो किती? एक ब्रास वाळूच साडेचार टनांच्या आसपास भरते. ओली असली तर आणखी जास्त. हजार विटा घेतल्या तर त्या अडीच-तीन टन होतात. म्हणजे एकाच खेपेत टायरवर दीडपट, दुप्पट भार. पहिल्या खेपेला टायर फुटत नाही. दहाव्यालाही फुटत नाही. म्हणूनच माणूस फसतो. प्रत्येक खेपेला आतले चार-दोन दोरे तुटत असतात. एक दिवस रिकाम्या ट्रॉलीचाच टायर फुटतो, आणि आपण म्हणतो, "भार तर काहीच नव्हता!"

इथे एक खास सूचना. काही टायरांवर इंग्रजीत ए, डी, व्ही अशी तीन अक्षरे असतात. तो टायर जनावराने ओढायच्या गाडीचा. तो बैलाच्या चालीसाठी केलेला आहे. बैल तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. ट्रॅक्टर त्याच्या पाच-सहापट धावतो. असा टायर ट्रॉलीला लावू नका. तो चांगला टायर आहे, पण त्याची जागा बैलगाडीखाली.

आता हवेकडे येऊ. आमच्या अनुभवात निम्मे टायर कमी हवेने जातात. एक लोखंडी तार घ्या. एकाच जागी पुढे-मागे, पुढे-मागे वाकवा. काही वेळाने तिथे बोट लावा. चटका बसेल. आणखी वाकवली तर तार तुटेल. टायरचेही असेच होते. हवा कमी असली की जमिनीला टेकलेल्या जागी त्याची कड वाकते. चाक पुढे गेले की सरळ होते. फेरा पुरा झाला की पुन्हा वाकते. ट्रॉलीचे चाक एका किलोमीटरला साधारण साडेतीनशे फेरे घेते. दहा किलोमीटरला साडेतीन हजार वेळा तीच जागा वाकली आणि सरळ झाली. रबर तापते. मे महिन्यातला डांबरी रस्ता आधीच तापलेला. त्यात वरून भार. मग थर सुटतात आणि टायर फाटतो. आमच्या टायरचे वय तर झाले होतेच, पण हवाही कमी होती. दोन महिने कुणी पाहिलीच नव्हती.

हवा लाथ मारून कळत नाही. थाप मारून कळत नाही, हे तर आम्ही सांगितलेच. हवा मोजायचे लहानसे यंत्र मिळते. एखाद्या पंक्चरवाल्याच्या मजुरीइतक्या पैशात येते. ते ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजा. किती पौंड हवी, तो आकडा टायरवर भाराच्या आकड्याजवळच असतो. दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. दुपारी गरम टायरची हवा मोजली तर ती जास्त दिसते. ती तापल्यामुळे जास्त असते. तेव्हा हवा सोडू नका. सोडली तर गार झाल्यावर टायर कमी हवेत राहील. हवा भरताना टायरच्या समोर तोंड करून बसू नका. काही चाकांना बाहेरून लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसेल तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. बाजूला उभे राहा आणि पोरांना लांब ठेवा.

टायर घेताना बाजारात काय काय गाठ पडते, तेही सांगितले पाहिजे. सगळ्यांना कोरा टायर परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. ट्रकचे उतरलेले टायर महामार्गाच्या कडेला रांगेने लावलेले असतात. त्यातले काही बरे असतात. पण पुढच्या गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बोट फिरवा. बोट काळे झाले तर वरून रंग लावलेला आहे. रंग चिरा झाकण्यासाठी लावतात. टायरची कड दोन्ही हातांनी दाबून वाकवा. चिरा असतील तर उघडतील.

नक्षीच्या खाचा नीट पाहा. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा कोरून विकतात. कारखान्याच्या खाचेत मधे मधे रबराचे लहान उंचवटे असतात. ते झिजेची खूण म्हणून ठेवलेले असतात. नक्षी झिजत त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. तेव्हा खाच सुमारे दीड मिलीमीटर उरलेली असते, साधारण रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी. कोरलेल्या खाचेत हे उंचवटे बहुधा दिसत नाहीत, आणि खाच वेडीवाकडी असते. अशी खाच दोऱ्यांच्या थरापर्यंत पोचलेली असू शकते.

आत हात घाला. आत ठिगळ लावलेले असेल तर हाताला लागेल. याला गेटर म्हणतात. लहान ठिगळ एक वेळ चालेल. कडेला मोठे ठिगळ असेल तर तो टायर सोडून द्या. आतली कड ज्या जागी डिस्कवर बसते, तिथे लोखंडी तारा असतात. त्या उघड्या पडल्या असतील, गंजल्या असतील, तर फुकट दिला तरी घेऊ नका.

रबर चढवलेला, म्हणजे रिमोल्ड केलेला टायर वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. ट्रकवाले सर्रास वापरतात. चांगल्या सांगाड्यावर, नीट कारखान्यात चढवलेले रबर टिकते. पण सांगाडा किती सालचा, ते त्याच चार आकड्यांवरून बघा. नव्या रबराने म्हातारा सांगाडा तरुण होत नाही. आकडे घासून काढलेले असतील तर काय समजायचे, ते तुम्हीच समजा.

एकाच आसावर दोन तऱ्हेचे टायर लावू नका. एक मोठा, एक लहान. एक नवा, एक झिजलेला. एक रेडियल, एक साधा नायलॉनचा. भार एकावरच पडतो आणि तो आधी जातो. टायर बसवल्यावर पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळा.

आता थोडे माणसांविषयी. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवायला कायद्याची परवानगी नाही. आम्हाला त्या दिवशीही ते माहीत होते. लग्नघाई होती, म्हणून दुर्लक्ष केले. २०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणारी एक ट्रॉली पाण्यात उलटली. पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्यात बायका आणि मुलेच पुष्कळ होती. तिथे टायर फुटला होता असे नाही. पण ट्रॉलीला बसायची जागा नसते, धरायला काही नसते. ती उलटली की माणसे खाली आणि ट्रॉली वर. टायर कोरा असला तरी यात फरक पडत नाही. वऱ्हाडाला टेम्पो करा, एसटी करा. खर्च वाटून घ्या.

चालताना टायर फुटलाच, तर ड्रायव्हरने एकदम ब्रेक दाबू नये. ब्रेक दाबला की ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि दोन्ही आडवे होतात. सुकाणू घट्ट धरावे, पायाखालचे तेल हळूहळू कमी करावे आणि गाडी डावीकडे मातीत घ्यावी. माणसांनी रस्त्यावर थांबू नये. मागे लांबवर झाडाच्या फांद्या आणि लाल कापड ठेवावे. रात्र असेल तर दिवा लावावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर ट्रॅक्टर नेऊच नये. तिथे ट्रॅक्टरला बंदी आहे. २०२४ सालच्या जुलैत आषाढीसाठी पंढरपूरला निघालेली एक बस पनवेलजवळ त्या मार्गावर ट्रॅक्टरवर आदळली आणि पाच जण दगावले.

काम संपले की ट्रॉली कशी ठेवता? पावसाळ्यात चिखलात, भरल्या मालासह उभी करू नका. रिकामी करा. आसाखाली लाकडी ओंडके लावा, म्हणजे टायरवरचा भार निघेल. एकाच जागी महिनोन्‌महिने भार राहिला की तिथला रबर बसतो. टायरवर जुने गोणपाट टाका. ऊन लागले नाही तरी पुष्कळ झाले. टायरवर डिझेल, ऑइल सांडू देऊ नका. त्याने रबर फुगून मऊ पडते. कोणी चमक यावी म्हणून ऑइल चोळतात. तो टायरचा शत्रूच म्हणायचा.

आणि जुन्या टायरचे काय करायचे? परसात टाकला तर त्यात पावसाचे पाणी साठते. अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. होळीत जाळला तर धूर छातीला वाईट. आमच्या ट्रॉलीचा उजवा टायर फुटला नव्हता. तोही २००८ सालचाच होता. एक जण तो विकत मागायला आला. म्हणाला, "नक्षी चांगली हाय, गुरुजी. किती द्यायचं बोला."

पुतण्या आमच्याकडे बघू लागला. लग्नात खर्च झाला होता. काकींच्या औषधपाण्याला पैसे लागत होते. तरी आम्ही नाही म्हणालो. त्या टायरला पुन्हा काळा रंग लागला असता आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॉलीखाली गेला असता. पुतण्याने लोखंड कापायच्या करवतीने त्याच्या दोन्ही कडा तारांसकट कापल्या. मग तो भंगारात दिला.